बरणीतला समुद्र

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मी गोविंद मिस्त्रींचं नाव घेतो. मोखाड्याच्या वरच्या पाड्यावर नागलीच्या शेतात दोन हात कमी पडत असतानाही वडिलांनी मला शाळेत पाठवलं, गुरुजींनी शिकवलं, आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो. यातलं काहीच मी विसरलेलो नाही. पण मिस्त्रींनी मला एका कागदावर सही करण्यापासून वाचवलं, आणि त्या सहीवर काही माणसांचा जीव अवलंबून होता. असे हे गोविंद मिस्त्री जेवायला बसले की पहिला घास घेण्याआधी ताटाला लोहचुंबक लावून बघत.

चुंबक नालाच्या आकाराचा होता आणि सुतळीने गळ्यात बांधलेला असे. घरचं ताट असो की दुसऱ्याचं, मिस्त्री आधी चुंबक लावत, मग "हं" म्हणत, मग भातावर वरण घेत. लग्नाच्या पंगतीत पत्रावळी असल्या की त्यांचं जेवणात लक्ष नसे. तपासायला काहीच नसे ना!

जव्हारच्या संस्थानात ते राजवाड्याचा पाण्याचा पंप, मोटार आणि दिवे सांभाळत. संस्थान विलीन झालं तेव्हा ठाण्याहून कारकून मंडळी सामानाची यादी करायला आली. एकेका वस्तूपुढे 'स्थिती' असा रकाना होता. कारकून 'बरी' किंवा 'वाईट' लिहीत चालला होता. मिस्त्रींना ते पटलं नाही.

"बरी म्हणजे काय? पंप दोन आणे गंजलाय. तसं लिवा."

"दोन आणे?"

"सोळा आण्यांतले दोन. आणि हा जिना सहा आणे. फाटक दहा आणे. त्याच्यावर रंग हाय म्हणून फसू नका."

कारकुनाने वैतागून तसंच लिहिलं. ठाण्याच्या कचेरीत कुणीतरी ती यादी वाचली असेल तेव्हा त्याची काय अवस्था झाली, ते कळायला मार्ग नाही. विलीनीकरणानंतर मिस्त्रींना बांधकाम खात्यात फिटर म्हणून घेतलं. पण गंज आण्यांत मोजायची सवय राहिली, आणि ती फक्त लोखंडापुरती राहिली नाही. नवे मामलेदार आले की लोक विचारत, "कसे काय साहेब?" मिस्त्री म्हणत, "चार आणे. अजून घासून निघंल." पुढे नवे पैसे आले, तेव्हा पोस्टमास्तरांनी त्यांना गमतीने विचारलं, की आता गंज नव्या पैशांत सांगणार का? मिस्त्री गंभीरपणे म्हणाले, "सरकार बदललं तरी गंज तोच हाय."

मी बी.एस्सी. झालो आणि जव्हारच्या शाळेत वर्षभरासाठी विज्ञान शिकवायला लागलो, तेव्हा मिस्त्रींच्या शेजारची खोली घेतली. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या पितळी तांब्याची तपासणी केली आणि मला विचारलं, "शिक्षण काय?"

"बी.एस्सी."

"म्हंजे?"

"विज्ञानातली पदवी."

तेव्हापासून त्यांनी माझं नाव कधी उच्चारलं नाही. मी 'बीयस्सी' झालो. "ओ बीयस्सी, अंघोळीचं पाणी तापलं!" अशी हाक साऱ्या आळीला ऐकू जाई.

त्यांच्या ओटीवर एका फळीवर चिनी मातीच्या बऱ्याच बरण्या ओळीने मांडलेल्या होत्या. प्रत्येकीच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं, आणि फडक्याला दोऱ्याने अडकवलेला पुठ्ठ्याचा तुकडा. त्यावर मिस्त्रींच्या वाकड्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं. मिस्त्रीणबाई वारल्याला तेव्हा पुष्कळ वर्षं झाली होती. एकटा माणूस एवढी लोणची कशाला घालतो, असं मला वाटलं. शाळेत दीपोटीसाहेब तपासणीला आले होते, त्यांनाही तसंच वाटलं. चहाला मिस्त्रींच्या ओटीवर बसले असताना त्यांनी कौतुकाने विचारलं, "मिस्त्री, या शेवटच्या बरणीत कसलं लोणचं?"

"कोयंडा, साहेब. पितळी. आठ महिन्यांचा झाला."

बरण्यांत समुद्राचं पाणी होतं आणि त्यात खिळे, नट, चमचे, कडीकोयंडे, चुका, मोळे, जे हाती लागेल ते बुडवून ठेवलेलं. कुठला धातू समुद्रात टिकतो आणि कुठला नाही, हे मिस्त्री बघत होते. कोणी विचारलं, की बाबा रे, जव्हार डोंगरावर, समुद्र पन्नास कोस दूर, तुम्हाला काय करायचंय, तर ते उत्तर देत नसत. पन्नास कोस हे लोकांचं माप. खरं अंतर तेवढं नाही, पण घाट उतरून जायचं म्हणजे तेवढंच वाटे.

पाणी आणायची पारूबाय. ती किनाऱ्यावरची. आठवड्याच्या बाजाराला सुके बोंबील आणि जवळा घेऊन एस.टी.ने वर यायची, आणि टोपल्यांच्या जोडीला मिस्त्रींसाठी घासलेटच्या डब्यात पाणी आणायची. कंडक्टर दर वेळी कटकट करायचा.

"काय गं, डब्यात काय?"

"समुद्र हाय. तिकीट फाड त्याचं!"

ओटीवर डबा आदळून ती मिस्त्रींना म्हणे, "ओ मिस्त्री, डोंगरावर मिठागर काढता का काय? मीठ आणून देतं म्हटलं तं नको. पाणीच पायजे."

"मिठाचं पाणी म्हंजे समुद्र नाय, पारूबाय. मी दोन्ही भिजवून बघितलं."

हे "भिजवून बघितलं" म्हणजे मिस्त्रींचं सर्वांत मोठं प्रमाणपत्र. कुणी काहीही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न असे, "भिजवलं का?" नव्या खताबद्दल, नव्या पुढाऱ्याबद्दल, कुणाच्या मुलीला आलेल्या स्थळाबद्दल, अगदी पंचवार्षिक योजनेबद्दलसुद्धा. सहा महिने भिजवल्याशिवाय ते कशाबद्दलही मत देत नसत.

त्या वेळी गावात स्टीलच्या ताटांचं नवं खूळ आलं होतं. कुणाचा भाऊ, कुणाचा दीर मुंबईहून ताट आणायचा आणि ते ताट आधी मिस्त्रींच्या ओटीवर यायचं. चुंबक चिकटला नाही की ताट खरं, चिकटला की खोटं, असा निवाडा होई. हेडमास्तरांच्या बायकोने, आम्ही त्यांना माई म्हणत असू, माहेरून आलेलं ताट दाखवलं. मधोमध चुंबक घसरला. पण काठाशी नेला तसा तिथे हलकेच ओढला गेला.

"काठ खोटा हाय," मिस्त्री म्हणाले.

माई तडकल्या. "माझ्या भावाने दिलंय ते! तुमच्या गळ्यातलं ते खेळणं काढून टाका आधी." आणि ताट घेऊन निघून गेल्या. हेडमास्तर बरेच दिवस मिस्त्रींशी बोलले नाहीत.

मिस्त्रींनी मात्र ती गोष्ट सोडली नाही. त्यांनी कुठून तरी तसल्याच ताटाचा काठ मिळवला आणि बरणीत टाकला. सहा महिन्यांनी काढला तर डाग नाही. मग मला विचारलं. मी पुस्तक उघडून सांगितलं, की चांगलं स्टीलसुद्धा ठोकून वळवलं की वळवल्या जागी थोडंसं चुंबकाला ओढलं जातं. मिस्त्री उठले, टोपी घातली आणि थेट हेडमास्तरांच्या दारात.

"माई, ताट आणा."

"आता काय राहिलं?"

"माफी मागायचीय."

"माझी?"

"तुमची कशाला? ताटाची. तुमाला मी काय बोललोच नव्हतो."

माई इतक्या हसल्या की त्यांना आत जाऊन पाणी प्यावं लागलं. मिस्त्रींनी खरोखर त्या ताटाला हात जोडले आणि परत आले. "चुंबक घराणं सांगतो, स्वभाव सांगत नाय," हे वाक्य मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकलं.

आणखी एक सवय सांगतो. संध्याकाळी जव्हारची माणसं कड्यावर सूर्यास्त बघायला जात. तिथून पश्चिमेला डोंगरांच्या रांगा आणि दूरवर महालक्ष्मीचा सुळका दिसतो. त्याच्याही पलीकडे समुद्र. मिस्त्रीही येत, पण पश्चिमेकडे पाठ करून बसत. ज्याच्या घरी समुद्राच्या बरण्या भरलेल्या, त्या माणसाने समुद्र जन्मात पाहिलेला नव्हता. त्यांची एकुलती एक मुलगी यमू किनाऱ्यावरच्या गावात दिलेली होती. तिचा नवरा नारायण तिथल्या लाँचवर इंजिनाच्या कामाला. तरीही मिस्त्री तिकडे कधी गेले नव्हते. "बघू, जाऊ" एवढंच म्हणत.

वर्ष संपता संपता मला त्याच गावात नोकरी लागली. तिथल्या मच्छीमारांच्या सोसायटीने पहिल्यांदाच इंजिनाच्या बोटी बांधायला घेतल्या होत्या आणि त्यांना विज्ञान शिकलेला सुपरवायझर हवा होता. मिस्त्रींचा निरोप घ्यायला गेलो. त्यांनी माझ्या हातात रिकामा डबा दिला.

"आता पाणी तूच पाठव. काठाचं नको. कमरेएवढं आत जाऊन भर." आणि एक पुरचुंडी दिली. "हे नागलीचं पीठ. यमूला दे. चाळून घे म्हणावं."

मुलीसाठी निरोप एवढाच. यमूला तो दिला तेव्हा ती म्हणाली, "बाबांनी चाळूनच दिलं असेल. दर वेळी असंच सांगतात."

सोसायटीच्या पहिल्या बोटीवर ड्रायव्हर म्हणून नारायणच जाणार होता. बोट जवळजवळ तयार होती. इंजिनापासून मागच्या पंख्यापर्यंत जो दांडा जातो, तो कुठल्या स्टीलचा घ्यायचा, ते ठरवून सही करणं माझ्याकडे होतं. मुंबईच्या व्यापाऱ्याने दोन नमुने पाठवले होते. एक आरशासारखा चकचकीत, लगेच मिळणारा आणि स्वस्त. दुसरा जरा मळकट दिसणारा, महाग, आणि यायला काही महिने लागणारा. चेअरमनांना नारळी पौर्णिमेला बोट पाण्यात घालायची होती. आमंत्रणंसुद्धा ठरली होती.

मी चकचकीत दांड्याला चुंबक लावला. घसरला. पुस्तकातही तो गंजरोधक म्हणूनच दिला होता. सही करायला हरकत नव्हती. तरी सुट्टी होती म्हणून दोन्ही नमुने पिशवीत घालून मी जव्हारला गेलो. खरं सांगायचं तर मिस्त्रींना विचारायला नाही. मला आता केवढं मोठं काम मिळालंय, हे दाखवायला.

मिस्त्रींनी दोन्ही तुकडे उन्हात धरून बघितले. "यात काय काय हाय?"

"लोखंडात अठरा भाग क्रोमियम, आठ भाग निकल. त्या दुसऱ्यात साधारण तेच, शिवाय थोडं मॉलिब्डेनम."

"तो तिसरा कोण?"

"मॉलिब्डेनम."

"पाहुणा दिसतोय. भिजवलं का?"

"बाबा, पुस्तकात सगळं दिलंय."

"पुस्तक भिजवलं होतं का?"

मग त्यांनी विचारलं, दांडा बोटीत कुठून कसा जातो. मी जमिनीवर आकृती काढली. इंजिन आत, पंखा बाहेर पाण्यात, मध्ये नळी. नळीत पाणी घुसू नये म्हणून दांड्याभोवती चरबी लावलेल्या दोराचे वेढे. मिस्त्रींनी त्या वेढ्यांवर बोट ठेवलं.

"इथं वारा लागतो?"

"नाही."

"पाणी वाहतं?"

"साचून राहतं."

"मग तसंच भिजवू."

त्यांनी दोन्ही तुकड्यांना मधोमध सुतळीचे घट्ट वेढे दिले आणि दोन बरण्यांत सोडले. पौर्णिमेपर्यंत सहा महिने नव्हते म्हणून दोनच महिने, पण तेवढे हात लावायचा नाही, असं मला बजावलं. परतल्यावर मी चेअरमनांना सांगितलं, की सही दोन महिन्यांनी करीन.

"का?"

"नमुने तपासायला दिलेत."

"मुंबईला?"

"जव्हारला."

चेअरमन बघतच राहिले. "अहो, आम्ही समुद्रावर राहतो आणि तुम्ही गंज तपासायला डोंगरावर पाठवता?" पुढचे दोन महिने सोसायटीत माझ्याकडे बघून कुणीतरी विचारायचंच, "काय सुपरवायझर, लोणचं मुरलं का?" माझी नोकरी अजून कच्ची होती. एकाच सहीने सगळे खूश झाले असते. कागद माझ्या खणात होता आणि मी तो रोज बघत होतो.

पौर्णिमेच्या चार दिवस आधी मी वर गेलो. पावसामुळे बरण्या ओटीवरून आत चुलीजवळ हलवल्या होत्या. मिस्त्रींनी आधी चकचकीत तुकडा बाहेर काढला. दोन्ही टोकं नव्यासारखी. मी सुटकेचा श्वास सोडला.

"थांब, बीयस्सी."

त्यांनी सुरीने सुतळी कापली. खालच्या जागेवर तांबूस घाण होती. ती पुसली तर स्टीलमध्ये बारीक बारीक भोकं, किडलेल्या दाताला असतात तशी. मिस्त्रींनी एका भोकात टाचणीचं टोक घातलं. ते आत गेलं.

या स्टीलवर हवेने एक अगदी पातळ थर बनतो आणि तोच त्याला वाचवतो, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. चांगले गुणही मिळाले होते. जिथे हवा पोचत नाही आणि खारं पाणी साचून राहतं तिथे काय होतं, हा प्रश्न परीक्षेत आला नव्हता, आणि मीही तो स्वतःला विचारला नव्हता.

दुसऱ्या तुकड्याची सुतळी कापली. पिवळसर डाग होता, तो अंगठ्याने पुसला गेला. खाली भोक नव्हतं.

"पाहुणा कामाचा निघाला," मिस्त्री म्हणाले. "पण त्यालाबी सारखं कोंडून ठेवू नका. दोर दर महिन्याला बदला. आणि पितळ शेजारी चिकटवून ठेवू नका. दोन धातू शेजारी राहिले की गरीब आधी मरतो."

बरण्या परत फळीवर लावताना मागच्या कोपऱ्यात एक बरणी दिसली. तिला पुठ्ठा नव्हता. फडकं जुनं, पिवळं पडलेलं. मी ते सोडलं. आत विळीचं पातं होतं. म्हणजे एके काळी होतं. धार संपलेली, मधून आरपार गेलेलं, हात लावला तर पापुद्रे निघतील असं.

"हे किती दिवसांचं?" मी विचारलं.

मिस्त्री चुलीत लाकूड सारत होते.

"यमूच्या लग्नात मी केली होती. आमच्यात मुलीला बापाच्या हातची विळी देतात. राजवाड्याच्या मोटारीच्या स्प्रिंगचा पाटा मोडला होता, त्याचं पातं. असलं पोलाद जव्हारात कुणाकडं नव्हतं." त्यांनी फुंकणी उचलली, पण फुंकली नाही. "वर्षात पारूबायकडून परत आली. यमूचा निरोप होता, बाबा, इथं लोखंड टिकत नाय. दुसरं काय नव्हतं तिच्या मनात. विळीचंच सांगत होती. मी म्हटलं, माझ्या हातचं पोलाद एका वर्षात जातं, आणि जावई रोज त्याच पाण्यावर जातो."

मग त्यांनी चूल फुंकली आणि चहा ठेवला.

मी चकचकीत दांड्यावर सही केली नाही. पौर्णिमेला नारळ समुद्रात गेला, बोट काठावरच राहिली. चेअरमनांनी मला पाहुण्यांसमोर 'लोणचेवाले सुपरवायझर' म्हणून ओळख करून दिली. मळकट दांडा दिवाळीनंतर आला आणि बोट त्यानंतर सुरू झाली. शेजारच्या गावाने त्याच व्यापाऱ्याकडून चकचकीत दांडा घेतला होता. फाल्गुनात तो दोराच्या वेढ्यांखालीच तुटला, बोट खोल पाण्यात असताना. शीड बरोबर ठेवलं होतं म्हणून माणसं परत आली. त्यानंतर चेअरमन मला लोणचेवाले म्हणेनासे झाले. पाऊस तोंडावर आला, बोटी काठावर ओढल्या, तेव्हा मी स्वतः उभं राहून आमच्या बोटीचा दांडा बाहेर काढायला लावला. त्याच दिवशी मिस्त्रींना पत्र लिहिलं. त्याची नक्कल माझ्याकडे आहे.

तीर्थस्वरूप मिस्त्रीबाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

आज दांडा काढला. तुम्ही सांगितल्याप्रमाणे दोर दर महिन्याला बदलत होतो. दोराखालची जागा चरबी पुसून, नखाने आणि नंतर टाचणीने तपासली. भोक एकही नाही. एके ठिकाणी पिवळा डाग होता, तो अंगठ्याने गेला. तुमच्या हिशेबाने एक आणासुद्धा गंज नाही. हे मी पुस्तकात बघून लिहीत नाही. सात महिने भिजवलेलं आहे.

मी कागदावर सही करायला निघालो होतो, हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. मी आता सगळ्यांना सांगतो.

नारायणराव खुशाल आहेत. त्या दांड्याचा कापून उरलेला तुकडा त्यांनी यमूताईला दिला आहे. ती म्हणते, याचं विळीचं पातं होईल का ते बाबांना विचारा, आणि होत असेल तर दुसऱ्या कोणाच्या हातची मला नको. तुकडा जड आहे, पारूबाय नेणार नाही म्हणते.

या वेळी पाणी पाठवलेलं नाही. डबा यमूताईने ठेवून घेतला आहे. पाणी हवं असेल तर बाबांनी स्वतः न्यायला यावं, कमरेएवढं आत जाऊन भरावं, असा तिचा निरोप आहे. एस.टी. सकाळी सुटते. मी स्टँडवर उभा राहीन.

आपला,
बीयस्सी